सायलेन्सरचा स्टड इंजिनच्या हेडमध्येच मोडला, हेड न खोलता निघेल का? (दापोली)

आगरातला

मंडळी, यांत्रिक विभागात बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

गाडी दीडशे सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरवाली. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बारमाही उभी असते. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'माझी भारी की तुझी' वर घसरेल. सायलेन्सरच्या तोंडाशी फटफट आवाज येत होता, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटाके. पॅकिंग गेलंय हे उघड होतं, म्हणून गॅरेजला टाकली. दोन नटांपैकी डावीकडचा गपगुमान निघाला. उजवीकडचा अर्धा फेरा फिरला आणि स्टडसकट हातात आला.

स्टड (म्हणजे हेडमध्ये बसलेला बिनडोक्याचा बोल्ट) सहाचा, सहा मिमीचा आहे. हेडच्या बाहेर जेमतेम तीन आटे उरलेत, तेही गंजून बोथट. मोडलेला तुकडा माझ्यासमोर आहे. नट त्याला अजून असा चिकटलाय की व्हाइसमध्ये धरूनही हलत नाही, आणि नटाच्या बुडाशी स्टड झिजून बारीक कंबर झालीय. तिथेच तुटलाय. गॅरेजवाला म्हणतो, "इझी-आउट मारतो, दहा मिनिटांचं काम. नाहीतर हेड खोलून चिपळूणला पाठवू." मी गाडी ढकलत घरी आणली, पडवीत उभी केलीय.

हेड न खोलता जमेल का? इझी-आउट मारू द्यावा का? गणपतीला भावाला आणायला खेड स्टेशनला जायचंय, म्हणून घाई.

बिनपाण्याचा_पाना

इझी-आउट नको. नको. नको.
बाकी संध्याकाळी लिहितो.

ठाण्याचा_चाकरमानी

भावाला सांगा खेडहून रिक्षा कर. गणपतीत रिक्षावाला जो भाव सांगेल त्यात नवीन हेड येईल, हा भाग वेगळा. (ह. घ्या.)

लेथमास्तर

पाना यांनी तीनदा 'नको' लिहिलंय, कारणं मी लिहितो. आयुष्य लेथवर गेलंय, मोडलेले इझी-आउट काढण्यातच त्यातला बराच काळ गेला.

इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाचा, निमुळता, कडक पोलादाचा तुकडा. मोडक्या स्टडला मधोमध भोक पाडायचं, त्यात हा डावीकडे पिळत न्यायचा, रुतला की स्टडही त्याच्याबरोबर उलटा फिरून बाहेर येतो. ही झाली सांगायची गोष्ट. आता तुमचा स्टड बघा. सहाचा स्टड आट्यांच्या तळाशी पाच मिमीपेक्षाही थोडा कमी असतो. त्यात भोक पाडणार अडीच-तीनचं. म्हणजे आत जाणारा इझी-आउट काडीएवढा. जो स्टड दहाच्या पान्याला बधला नाही, स्वतः मोडला पण हलला नाही, तो या काडीला काय दाद देणार? त्यात इझी-आउट निमुळता, तो स्टडला आतून फाकवतो, म्हणजे हेडच्या आट्यांवर उलट जास्तच आवळतो. शेवटी मोडतो तो इझी-आउट. आणि तो आत मोडला की साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) ड्रिलने त्याला ओरखडाही येत नाही. ड्रिल घसरतो आणि शेजारचं मऊ अ‍ॅल्युमिनियम कोरत सुटतो.

मग उरतं कार्बाइडचं, त्याहून कडक ड्रिल, नाहीतर स्पार्क इरोजन. त्यासाठी हेड खोलून घाट चढायचा, कोल्हापूरला उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत कुणीतरी टूलरूमवाला गाठायचा. काम देखणं होतं, ठिणग्यांनी कणाकणाने पोलाद उडवतात, आट्याला धक्का लागत नाही. पण दहा मिनिटांच्या कामाची ही मजल.

तुमचे तीन आटे बाहेर आहेत. हे नशीब समजा. त्यावर नट वेल्ड करून काढायचा. तोपर्यंत कुणालाही त्याला ग्रिप पक्कड लावू देऊ नका. उरलेसुरले आटेही सोलून निघतील.

तळकोकणातला_तात्या

मास्तर, एवढं भूत उभं करू नका. मी इझी-आउटने कितीतरी बोल्ट काढलेत. साइड कव्हरचे, क्लच कव्हरचे, चेन कव्हरचे. एकही मोडला नाही. हात हलका हवा, बस्स.

लेथमास्तर

तात्या, तुम्ही सांगितलेले सगळे बोल्ट जास्त आवळून मोडलेले. डोकं तुटलं की त्यांच्यावरचा ताण संपतो, मग आतला तुकडा मोकळाच असतो, कधी कधी बोटाने फिरतो. तिथे इझी-आउट चालतोच, माझंही दुमत नाही. हा स्टड गंजून धरलेला आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी रोज तापतो, रोज निवतो, वर खारं पाणी. ही केसच वेगळी.

मालवणी_खाजा

तात्यानू, हात हलको होयो ता खरा, पण गॅरेजवाल्याचो हात खंय हलको आसता? तो लांब पायप घालतलो पान्याक आणि वर उभो रवतलो. आगरातल्या, तुका सांगतंय, गाडी पडयेत आणलंस ता बरा केलंस.

वाचनमात्र_सुमन

मी गाडीतली नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पण एक प्रश्न. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ना? मग धरतं ते नक्की काय? म्हणजे उत्तर मला अंदाजे माहीत आहे, पण गाडीवाले काय म्हणतात ते ऐकायचंय.

बिनपाण्याचा_पाना

सुमनताई, आम्ही म्हणतो 'जाम झालं'. तुम्हीच सांगा.

वाचनमात्र_सुमन

बरं, सांगते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. या जोडीत अ‍ॅल्युमिनियम बळी जातं. त्याचं जे ऑक्साइड-हायड्रॉक्साइड बनतं ते पांढरं पिठूळ असतं आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं. आट्यांच्या फटीत त्याला फुगायला जागाच नाही, म्हणून ते दोन्हीकडून दाबून बसतं. स्टडचा बाहेरचा भाग तांबडा गंजतो आणि बारीक होत जातो. आत घट्ट, बाहेर कमकुवत, मग मोडायचा तो नटाच्या बुडाशीच मोडणार. घाटावर हीच गाडी असती तरी हे झालंच असतं, फक्त खूप सावकाश. इथे पावसाळाभर हवेतच मीठ असतं.

मिरकरवाडा_जेटी

ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्या बोटींना म्हणून तर पाण्याखाली झिंकचे ठोकळे लावतात. झिंक स्वतः खपतं, पंखा आणि शाफ्ट वाचतात. ठोकळा अर्धा खपला की बदलायचा.

ठाण्याचा_चाकरमानी

मग हेडलाही एक झिंकचा ठोकळा बांधा की!

मिरकरवाडा_जेटी

गाडी रत्नागिरीच्या खाडीत बुडवून चालवणार असाल तर बांधतो. झिंक आणि वाचवायचा धातू दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असले तरच ते चालतं. हवेत उपयोग शून्य.

कामाचं सांगतो. फवारणीच्या डब्यावर भरवसा ठेवू नका. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनलेलं, आट्यांत खोल शिरायला त्याहून चांगल्या गोष्टी आहेत. अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल अर्धं अर्धं. दोन्ही एकत्र राहत नाहीत, दर वेळी हलवून घालायचं. अ‍ॅसिटोन कुठे मिळणार म्हणाल तर हर्णै बंदरात कुणी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो का बघा. रेझिनचे ब्रश धुवायला त्याच्याकडे डबाच असतो. काचेच्या बाटलीत न्या, प्लास्टिकची काही भांडी विरघळतात. आणि गाडीच्या रंगावर थेंबही पडू देऊ नका.

घालायचं, थांबायचं, हातोडीने स्टडच्या टोकावर टिचक्या मारायच्या. जोरात नाही, टोक पसरलं तर वेल्डिंगला त्रास. पुन्हा घालायचं. रात्रभर तसंच. घाई करू नका.

वाचनमात्र_सुमन

अ‍ॅसिटोन भडकन पेटतं हेही लिहा. मिश्रण घातल्या घातल्या कुणी ब्लो टॉर्च आणला तर स्टड राहील बाजूला.

मिरकरवाडा_जेटी

हो, ते राहिलं. तापवायच्या दिवशी हे घालायचं नाही. त्या दिवशी मेणबत्ती. हेड गरम असताना आट्याच्या तोंडाला मेण टेकवा, वितळून आपोआप आत ओढलं जातं.

सडा_आणि_समुद्र

माझ्या आजोबांच्या ओळखीचे एक घड्याळजी होते. पितळी प्लेटमध्ये पोलादी स्क्रू मोडला की ते ती प्लेट तुरटीच्या गरम पाण्यात ठेवत. स्क्रू विरघळून काळा गाळ व्हायचा, पितळेला काही होत नसे. अ‍ॅल्युमिनियममध्ये मोडलेला टॅपही (आटे पाडायचं हत्यार) असा काढतात असं ऐकलंय. हेडला करता येईल का? तुरटी तर स्वस्त.

तळकोकणातला_तात्या

तुरटी दाढीनंतर लावा. हेड काय, ठिकऱ्या होतील.

वाचनमात्र_सुमन

तात्या, पद्धत खरी आहे, हसू नका. पण इथे दोन अडचणी. एक, ती फार हळू चालते आणि पाणी सतत गरम ठेवावं लागतं. दुसरी मोठी. हेडमध्ये लोखंडी भाग फक्त स्टडच नाही ना? व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो ती सीट लोखंडी मिश्रणाची, गाइडही बहुधा तशीच. तुरटीला स्टड कोणता आणि सीट कोणती हे कळत नाही.

सडा_आणि_समुद्र

पटलं. तुरटी दाढीलाच.

कोकणरेल्वेने_आलो

इथे कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. आगरातले, गाडी कधी वाळूत घातली होतीत का? लाडघर, कर्दे, मुरुड, सुट्टीला जावं तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्या लाटांत फेऱ्या मारत असतात. परत जाताना लॉजच्या नळावर पाच मिनिटं पाणी मारतात आणि झालं!

आगरातला

नाही हो. किनाऱ्यावर राहणारा माणूस गाडी पुळणीत घालत नाही. पण समुद्र आमच्याकडे चालत येतो. जून ते सप्टेंबर खिडकीच्या काचेवर सकाळी मिठाचा थर असतो.

मालवणी_खाजा

तारकर्लेक पण तीच गत. गाडी रुतता, मगे आमकाच हाक मारतत. दोरी आमची, ट्रॅक्टर आमचो, आणि फोटो तेंचो.

कोकणरेल्वेने_आलो

पुढच्या मडगार्डला रबरी झडप लावा असं मी सगळ्यांना सांगतो. हेडचं तोंड पुढे, स्टड पुढे. पुढच्या चाकाचा सगळा चिखल-पाणी थेट तिथेच. झडप जमिनीपर्यंत लांब केली की अर्धा त्रास कमी. दिसायला बेंगरूळ दिसते, असू दे.

लेथमास्तर

पर्यटकांवर वेगळा धागा काढा, शंभरी गाठेल. इथे मुद्द्यावर येऊ.

वेल्डिंगचं नीट सांगतो. उरलेल्या आट्यांवर सहाचा नट चढवू नका, आठचा ठेवा. भोक मोठं, रॉडचं टोक सरळ स्टडच्या डोक्याला भिडतं. खाली आधी एक वॉशर ठेवा, म्हणजे हेडचं अ‍ॅल्युमिनियम झाकलं जाईल. पोलादाचा रस अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे शेजारी थेंब उडाला तरी बहुतेक टिचकीने सुटतो, पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडची मिश्रणं त्याच्याही आधी मऊ पडतात. आर्क तिथे रेंगाळला तर खड्डा. मिग मशीन (रॉडऐवजी तारेने वेल्ड करणारं) मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर बारीक रॉड, दोनचा, आणि हात बसलेला वेल्डर. अडीचचा रॉड सहाच्या स्टडला जास्त होतो.

नट धरला की खरं काम उष्णता करते. तांबडा झालेला स्टड लांबतो, फुगतो, त्या पिठाचा थर चिरडतो. निवताना आकसतो, तेव्हा मेण. मग पाना लावून आधी *आवळायच्या* दिशेने हलकासा धक्का, मग सोडायच्या. पुढे-मागे, पुढे-मागे. पाव फेऱ्याने सुटलाय असं वाटलं तरी एकदम काढू नका. नट तुटला तर दुसरा वेल्ड करा. दर वेळी तापतो, दर वेळी थोडा सैल होतो. पहिल्या फटक्यात निघालाच पाहिजे असं काही नाही.

बिनपाण्याचा_पाना

आलो. मास्तरांनी माझा प्रतिसाद आधीच लिहिला. दोन गोष्टी जोडतो.

टाकी काढून घरात नाही, *घराबाहेर लांब* ठेवा. बॅटरीची वायर काढा, सीडीआयचा (स्पार्क सांभाळणाऱ्या डब्याचा) जोड काढा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयूचाही (इंजिनच्या कॉम्प्युटरचा). वेल्डिंगची अर्थ क्लिप चॅसिसला नाही, हेडलाच, स्टडच्या जितकी जवळ जमेल तितकी. करंट बेअरिंगमधून फिरून जायला नको.

आणि सायलेन्सरचं भोक उघडं असतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद. मग भोकात ओलं फडकं कोंबा. ग्रीस लावलेलं इथे नको, ठिणगीने पेटेल. ड्रिल करायची वेळ आली तर मात्र ग्रीसवालं फडकं, त्याला कीस चिकटतो.

आगरातला

सगळ्यांचे आभार. हर्णैला अ‍ॅसिटोन मिळालं, मिरकरवाडा दादांनी सांगितलं तसंच, होडीवाल्याने हसत हसत दिलं. 'मोटरसायकलला फायबर लावतोस काय?' म्हणाला. भिजत घातलंय. पण मिग मशीन जवळपास कुणाकडे नाही. गेट-ग्रिल करणारा एक आहे, त्याच्याकडे इन्व्हर्टर वेल्डिंग सेट आहे. चालेल का? आणि तापवून किती फरक पडतो खरंच? माझा इंजिनिअर चुलतभाऊ म्हणतो दोन्ही धातू तापले तर दोन्ही फुगणार, फायदा काय.

वाचनमात्र_सुमन

चुलतभावाला गणित करायला द्या. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. म्हणजे भोक स्टडच्या जवळजवळ दुप्पट वेगाने मोठं होतं. ६ मिमीच्या भोकाला १५० अंशांनी वर नेलं तर फरक पडतो मिलिमीटरचा शंभरावा भाग.

ठाण्याचा_चाकरमानी

शंभरावा भाग?! एवढ्यासाठी एवढी धूळ?

लेथमास्तर

चाकरमानीसाहेब, लेथवर शंभरावा भाग म्हणजे बेअरिंग बसणं आणि न बसणं यातला फरक. तेवढ्याने स्टड गळून पडणार नाही, पण मधला थर तडकतो आणि मेणाला वाट मिळते. काम तिथेच होतं.

गेटवाला चालेल. त्याचा हात कसा आहे ते बघा. त्याला आधी भंगारातल्या सहाच्या बोल्टवर आठचा नट वेल्ड करायला लावा आणि तो नट पान्याने पिळून बघा. तुटला तर दुसरा वेल्डर.

कोकणरेल्वेने_आलो

संध्याकाळी अजिबात करू नका. आमच्याकडे दिवेलागणीला व्होल्टेज इतकं पडतं की पंखा मोजून घ्यावा. आर्क धरतच नाही, रॉड चिकटतो आणि चिकटलेला रॉड हिसकताना हा स्टड पुन्हा तुटायचा. सकाळी, पंप चालू व्हायच्या आधी.

तळकोकणातला_तात्या

+१. आणि लाइट गेली तर चहा प्या.

सह्याद्री_मॅकॅनिकल

वेल्डिंगने नाहीच निघाला तर? त्याचंही ठरवून ठेवा. बाहेरचं टोक कानशीने सपाट करायचं, बरोब्बर मध्यावर पंच मारायचा. इथे जो वेळ घालवाल तो सगळा वसूल होतो. भोक सरळ जावं म्हणून सायलेन्सरची फ्लँज (हेडला टेकणारी भोकांची पट्टी) चांगल्या स्टडवर अडकवून दुसऱ्या भोकात लेथवर केलेला एक बुश बसवा, त्यातून ड्रिल. अडीच, साडेतीन, साडेचार आणि शेवटी पाच. सहाच्या टॅपचं भोक पाचचंच असतं. मध्य चुकला नसेल तर पाचला पोहोचता पोहोचता स्टडची नुसती स्प्रिंगसारखी गुंडाळी उरते, सुईने उचकटून ओढता येते. मग टॅप मारून आटे साफ.

उलटे ड्रिल बिट मागवता आले तर मागवा. कापताना ते सोडायच्या दिशेनेच फिरतात. माझ्याकडे बऱ्याचदा भोक पाडतानाच स्टड बाहेर आलाय.

मध्य चुकला आणि एका बाजूने आटे खाल्ले गेले तर हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेच्या आट्यांची गुंडाळी). सहाच्या हेलिकॉइलला भोक ६.३ च्या आसपास आणि टॅप त्याचाच वेगळा लागतो, साधा सहाचा किंवा सातचा नाही. कुठल्या गॅरेजने 'एक नंबर मोठा आठचा स्टड घालू' म्हटलं तर आधी हेडला तिथे किती मांस आहे ते बघा. दोन फिनांच्या (हेड थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) मध्ये पातळ असतं, तडा जातो.

मालवणी_खाजा

वाखु (वाचनखूण) साठवली. माझी पण गाडी तशीच वाजता हां, पण मी कानात कापूस घातलंय.

दर्यावर्दी९

एवढं सगळं करून पुन्हा लोखंडी स्टडच घालणार का? बोटीच्या दुकानात स्टेनलेस स्टड मिळतात. एकदा घातला की जन्माची काळजी मिटली.

वाचनमात्र_सुमन

मिटली नाही, दुसऱ्या घरी गेली. स्टेनलेस स्वतः गंजणार नाही, पण अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं साध्या पोलादापेक्षाही कमी पटतं. आधी खाल्लं जाणार ते तुमचं हेड.

दर्यावर्दी९

ताई, माझ्या गाडीला स्टेनलेसच आहे आणि पावसाळ्यामागून पावसाळे काढलेत. वर्गातलं वेगळं, रस्त्यावरचं वेगळं.

मिरकरवाडा_जेटी

दोघंही बरोबर. स्टेनलेस घालायचाच तर कोरडा घालायचा नाही. बोटीवर आम्ही कोरडा बोल्ट घालतच नाही. आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट तर अजिबात नको, आवळता आवळताच एकमेकांना धरतात, मग तोही मोडूनच काढावा लागतो. नट पितळी घ्या. आतला स्टड कॉपर ग्रीस लावून.

तळकोकणातला_तात्या

कॉपर ग्रीस नसेल तर?

मिरकरवाडा_जेटी

साधं ग्रीस तिथल्या उष्णतेने जळून कोळसा होतं. कॉपर ग्रीसची छोटी ट्यूब मिळते. चहा-वड्याच्या पैशात होतं.

घाटावरचा

प्रकाटाआ.

ठाण्याचा_चाकरमानी

घाटावरचे, लिहून पुसलंत काय? उत्सुकता लागून राहिली.

आगरातला

निघाला!!

गेटवाल्याला पडवीत बोलावलं. सकाळची वेळ, व्होल्टेज ठीक. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे त्याला आधी भंगारातल्या बोल्टवर नट करायला लावला. त्याला जरा राग आला, पण केला आणि तो पक्का निघाला. टाकी माडाखाली नेऊन ठेवली, अर्थ क्लिप हेडच्या फिनेला. वॉशर, आठचा नट, आत रॉड. पहिला नट पान्याला लागताच तुटला. दुसऱ्या वेळी त्याने जास्त वेळ आर्क धरला, नट केशरी झाला. रंग जाऊन काळा पडल्यावर मेणबत्ती टेकवली, मेण चुर्र करून आत गेलं. मग पाना, आधी आवळायच्या बाजूला. काही नाही. सोडायच्या बाजूला. काही नाही. पुन्हा आवळायच्या, आणि कुईंऽऽ असा बारीक आवाज. गेटवाला म्हणाला, "थांबा, आता मी करतो", आणि पाना माझ्या हातून घेतला. त्याच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पुढे-मागे करत करत पूर्ण बाहेर आला.

सुमनताई, आट्यांच्या खाचांत पांढरं पीठ भरलेलं आहे, अगदी तुम्ही लिहिलं तसं. नखाने खरवडलं तर भुकटी होते. हेडचे बाहेरचे एक-दोन आटे जरा चेपलेत, टॅप फिरवल्यावर बाकी सगळे नीट आहेत. नवा स्टड हाताने शेवटपर्यंत जातो, डुलत नाही.

आता दुसरा, डावीकडचा स्टड. त्याचा नट सहज निघाला होता, पण बाहेरून तोही गंजलाय. तो पण आत्ताच काढून बदलू का?

लेथमास्तर

अभिनंदन. दुसऱ्याला हात लावू नका. बसलाय तो बसू द्या. आटे साफ करा, कॉपर ग्रीस लावा, पितळी नट चढवा.

बिनपाण्याचा_पाना

मास्तर, इथे मी असहमत. गेटवाला ओळखीचा झालाय, टाकी खाली आहे, सायलेन्सर खाली आहे. बाहेरून कंबर बारीक झाली असेल तर पुढच्या पावसाळ्यात तोही जाणार. दोन नट एकमेकांवर आवळून, हेड गरम करून, हलक्या हाताने बघावा. हलला तर बदलावा, नाही हलला तर सोडून द्यावा.

लेथमास्तर

'हलला तर बघू' म्हणतच लोक दुसराही मोडतात. व्हर्नियरने मोजा. आट्यांची उंची शाबूत असेल तर राहू द्या. खरंच बारीक झाला असेल तर पाना यांचं ऐका.

आगरातला

मोजला. बुडाशी किंचित बारीक आहे, पण मोडलेल्याच्या मानाने काहीच नाही. ठेवतोय. घरचे म्हणाले आता पुरे.

नट किती आवळायचे? गॅरेजवाला 'हाताला लागेल तेवढा' म्हणतो.

सह्याद्री_मॅकॅनिकल

सहाच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोराला स्टडवर ताण जास्त येतो, म्हणून थोडं कमीच ठेवा. दोन्ही नट आळीपाळीने, एकदम एक पूर्ण आवळायचा नाही, नाहीतर फ्लँज तिरकी बसून पॅकिंग पुन्हा फुंकेल. गाडी एकदा चांगली तापवा, पूर्ण निवू द्या, मग परत पाना लावून बघा. नवं पॅकिंग दबतं, नट सैल होतात.

आणि पुढच्या वेळी नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावू नका. ग्राइंडरने नट एका बाजूने चिरा. नट दोन रुपयांचा असतो.

दर्यावर्दी९

नट चिरायची गोष्ट सगळ्यात आधी कुणीतरी लिहायला हवी होती. :)

वाचनमात्र_सुमन

आगरातले, ते पांढरं पीठ लागलेला स्टड फेकला नसेल तर ठेवा. नववीच्या वर्गाला दाखवायला नेईन. मी दापोलीतच असते.

आगरातला

ठेवलाय, नटासकट. शाळेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणून देतो.

रात्रीचा_राजापूरकर

धागा उशिरा पाहिला. माझ्या स्कूटरचा इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट गोल झालाय, पाना नुसता फिरतो. त्यावर पण नट वेल्ड करू का? आत ऑइल आहे.

बिनपाण्याचा_पाना

ऑइल आत असताना वेल्डिंग?? अजिबात नको. आधी एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवून बघा, सहा कोनी, बारा कोनी नाही. आणि नवा धागा काढा, तिथे फोटो टाका.

रात्रीचा_राजापूरकर

काढतो. सॉकेट शेजाऱ्याकडून आणतो आधी.